डाव्या हाताचा पीळ

मोटरसायकल शर्यतीच्या मंडळानं अहवाल लिहिला तेव्हा इंजिनाचा एक बोल्टसुद्धा कुणी सैल केला नव्हता. हे आधी सांगून टाकलेलं बरं. शर्यत दुपारी झाली आणि संध्याकाळी शिक्क्यासकट कागद तयार होता: "मिस्त्रीचं वेल्डिंग सदोष. त्यामुळे चॅसी तुटली, तेलाच्या चेंबरला भेग गेली, तेल गळालं, इंजिन जाम झालं." हे लिहिलं खुर्चीत बसून, चहा पीत. एका माणसाची तीस वर्षांची कारागिरी चार ओळींत मातीत घातली आणि वर तारीखही टाकली.

तो कागद टायपिस्टनं दोनदा वाचला. कोर्टात चाळीस वर्षं टंकलेखन केल्यावर तो आता बाईंकडे असायचा. बाई पूर्वी कारखान्यांच्या तपासणीवर होत्या, आता लोकांची खासगी प्रकरणं घ्यायच्या. बाईंचं डोकं पळायचं, टायपिस्टची बोटं. दोघांत अंतर पडायचं ते तिथंच.

आज समोर बसलेली अशील शिवणकाम करणारी होती. बाहीला धाग्याचे तुकडे तसेच चिकटलेले.

"माझ्या पोराची मांडी दोन जागी मोडलीय," ती म्हणाली. "गाडी उडीवरून खाली आली आणि मागचं चाक जागीच थांबलं. मंडळ म्हणतं, मिस्त्रीमुळे. मिस्त्री म्हणजे माझा सख्खा भाऊ. दादानंच पोराला गाडीवर बसवलं. हे खरं असेल तर आजपासून मला भाऊ नाही. खोटं असेल तर मला ते लिहून हवंय."

"दादा काय म्हणतात?"

"काय म्हणणार! असेल माझीच चूक, म्हणतो. उद्या अकराला मंडळात जाऊन सही करणार. परत कधी चॅसीला हात लावणार नाही, असं लिहून देणार. तीस वर्षं दुसरं केलंय काय त्यानं?"

बाई उठल्या. "टायपिस्ट, कोरे कागद घ्या. चांगले घ्या."

मिस्त्रीच्या शेडमध्ये एक उघडी चॅसी, गाडीचा नुसता सांगाडा, घोडीवर चढवलेली होती. मातीतल्या शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या चॅसीत तो नवं फोर-स्ट्रोक इंजिन बसवायचा. त्यासाठीच लोक लांबून यायचे.

"मूळ टू-स्ट्रोकचे भाग मिळत नाहीत," तो खाली बघत म्हणाला. "चॅसी नुसत्या गंजत पडतात. फोर-स्ट्रोकचं डोकं उंच, म्हणून वरचा पाइप बोटभर उचलायचा. खालचे पाळणे, म्हणजे इंजिन टेकतं ते पाइप, कापून नवे वेल्ड करायचे. चेन एका रेषेत आली पाहिजे. बस, एवढंच."

"एवढंच म्हणे," सोबत आलेली बहीण पुटपुटली. "सहा महिने जेवणाची शुद्ध नव्हती."

"तेल कुणी भरलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मीच. सव्वा लिटर, खाली चेंबरमध्ये. मग प्रत्येक बोल्टाला, झाकणाला तार." त्यानं पक्कड डाव्या हातात धरली आणि एका बोल्टाच्या भोकातून तार ओवून पिळून दाखवली. "हादऱ्यानं सुटू नये म्हणून. तार तोडल्याशिवाय बोल्ट फिरत नाही."

"आणि गाडी मंडळाकडे कधी दिलीत?"

"आदल्या दिवशी. ते कोरडं वजन करतात, म्हणजे तेल-पेट्रोल सगळं उपसून. मग त्यांचाच तपासनीस परत भरतो. आम्हाला गाडी मिळते ती थेट सुरुवातीच्या रेषेवर. मध्ये बोट लावलं तरी बाद."

"हे मंडळाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? वेल्डिंग तुटलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पोर मातीत पडलं होतं आणि माझा जोड उघडा पडला होता."

बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

मोडलेली गाडी मंडळाच्या कोठारात होती. सचिव स्वतः किल्ली घेऊन आले, मागोमाग तपासनीस. "पाच मिनिटं. हात लावायचा नाही."

"हात न लावता तपासायची कला तुमच्याकडेच आहे," बाई म्हणाल्या आणि सरळ गाडीखाली बसल्या. त्यांनी इंजिनाच्या पोटाला बोट लावलं, फुंकर मारली. धूळ उडाली, सगळी टायपिस्टच्या चष्म्यावर.

"अहो बाई!"

"कोरडी आहे ना? मग शिंका आणि गप्प बसा."

तुटलेल्या वेल्डिंगची कड आत-बाहेर सारखीच लखलखत होती. बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग टाकीचं झाकण उघडून त्यांनी टायपिस्टच्या कोऱ्या कागदाचं टोक आत बुडवलं आणि कागद त्याच्याच हातात दिला. टायपिस्टचं लक्ष मात्र टाकीवरच्या पुसट अक्षरांत होतं. "वीस मापं पेट्रोल, एक माप तेल. मिसळूनच भरावे," त्यानं वाचलं. "काय सुरेख वळण आहे! हे पुसून नवा रंग का नाही दिला?"

"नियम आहे," तपासनीस छाती काढून म्हणाला. साठीचा, ताठ गडी. "जुन्या गटात टाकी मूळ, रंग मूळ, अक्षरंही मूळ. मी स्वतः याच गाड्यांवर बारा वर्षं शर्यती मारल्यात. डोळे बांधा, तरी भरून दाखवतो."

तेवढ्यात बहीण वाकली. शिवणाऱ्या माणसाची नजर धाग्याच्या पिळावर जायचीच. "सगळ्या तारा दादाच्या आहेत. तो डावखुरा, त्याचा पीळ उलटा पडतो. फक्त ही सगळ्यात खालची त्याची नाही."

"तो तेल सोडायचा बोल्ट. मीच उघडला," तपासनीस लगेच म्हणाला. "वजनासाठी. तेल मोजून परत दिलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. टायपिस्टला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

राहता राहिला मिस्त्रीला ही जुनी चॅसी विकणारा संग्राहक. त्याला सगळे 'मूळवाले' म्हणायचे, कारण त्याच्या तोंडी दर वाक्यात मूळ. मूळ चॅसी कापली म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं चारचौघांत मिस्त्रीला कसाई म्हटलं होतं. टायपिस्टच्या मनानं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता.

"म्हटलं कसाई, परत म्हणेन!" मूळवाले उसळले. "पण पोराचं वाईट चिंतायला मी काय राक्षस आहे? मी कुंपणाबाहेर होतो. गाडी सुरू झाली आणि मी चकित. नळकांड्यातून निळा धूर, तोच जुना गोड वास! वाटलं, शहाण्याला उपरती झाली, मूळ इंजिनच बसवलं. टाळ्या वाजवल्या मी. दोन फेऱ्यांनी ते झालं."

"धूर सुरुवातीच्या रेषेवरच होता?"

"पहिल्या किकपासून."

बाई बाहेर येऊन चक्क हसल्या. टायपिस्टला राग आला. "एक तर तुम्ही काही सांगत नाही, वर माझा कागद नासवलात. पेट्रोल वाळून तास झाला, डाग जात नाही. पलीकडची बोटं दिसतायत बघा यातून!"

"जपून ठेवा तो. उद्या तोच बोलणार आहे. आणि आज एक नवा कागद टाइप करा. मी सांगते तसा."

दुसऱ्या दिवशी अकराला मंडळाच्या लांब टेबलाशी मिस्त्री पेन हातात घेऊन बसला होता. समोर सचिव, शेजारी तपासनीस. बहीण दाराशी उभी होती.

"पेन खाली ठेवा," बाई आत येत म्हणाल्या. "वेल्डिंग तुटलं, हे खरं. पण ते इंजिन जाम झाल्यावर, गाडी आपटल्यावर तुटलं. जुनी भेग असती तर आत गंज असता, कड काळी असती. ती नव्या नाण्यासारखी आहे."

"हे तुमचं मत," सचिव म्हणाले.

"मग हे बघा. तुम्ही लिहिलंत तेल गळालं. शर्यत मातीत होती. सव्वा लिटर तेल गळालं असतं तर इंजिनाखाली चिखल झाला असता. तिथली धूळ मी फुंकरीनं उडवली. गळालं नाही. गळायला आत होतंच काय?"

तपासनीस खुर्चीत पुढे सरकला. "मी मोजून दिलं होतं!"

"दिलंत. कुठं दिलंत, ते सांगते. सोडायचा बोल्ट खाली. त्याची तार तुम्ही तोडली, नवी बांधली, पीळ उजवा. पण तेल भरायचं झाकण इंजिनावर, वर आहे. त्याची तार अजून डाव्या पिळाची. मिस्त्रींच्या हातची. म्हणजे तेल काढलं, पण ते झाकण नंतर कुणी उघडलंच नाही."

मिस्त्री स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता.

"टायपिस्ट, कागद."

टायपिस्टनं डागाळलेला कागद खिडकीपुढे धरला. आता त्यालाही उमगलं आणि कानशिलं तापली.

"हे टाकीतलं पेट्रोल. पेट्रोल उडून जातं, तेल डाग सोडतं. तुम्ही तेल पेट्रोलमध्ये मिसळलंत. बारा वर्षं टू-स्ट्रोकला असंच पाजलंत, समोर टाकीवर अक्षरंही तीच सांगत होती, आणि ती पुसू द्यायची नाहीत हा मंडळाचाच नियम. हाताला सवयीचं ते हातानं केलं. म्हणून पहिल्या किकपासून निळा धूर, म्हणून मूळवाल्यांच्या टाळ्या. फोर-स्ट्रोकला तेल चेंबरमध्येच लागतं; ते मात्र कोरडं पळत होतं. दोन फेऱ्या पळालं हेच नवल."

तपासनीसाचा ताठा कुठल्या कुठे गेला. "धूर पाहिला तेव्हाच माझी चूक मला उमगली," तो म्हणाला. "झेंडा दाखवायला धावलो, पोचलो नाही. संध्याकाळी या सचिवसाहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, वेल्डिंग तुटलंय ना? मग तेच लिही."

"तांत्रिक बाबतीत गैरसमज होतात," सचिव घाईघाईनं म्हणाले. "मंडळ अहवालाचा फेरविचार करेल. यथावकाश."

बहीण दारातून आत आली. आधी ती भावाजवळ गेली. त्याच्यापुढचा कबुलीचा कागद तिनं उचलला, चार तुकडे केले आणि त्याचा डावा हात क्षणभर आपल्या हातात दाबून धरला. "दादा, चष्मा लाव," ती म्हणाली. "आणि नीट बघ, आता सही कुणाची होते ते."

मग तिनं टायपिस्टनं आणलेला नवा कागद सचिवांपुढे ठेवला. तेल न भरता गाडी दिल्याचं त्यात होतं, आणि इंजिन न उघडताच खोटं लिहिल्याचं. खाली नावासाठी रेघ रिकामी होती.

"हा गडी घसरला, पण बोलला तरी," तिनं तपासनीसाकडे बोट दाखवलं. "तुम्ही बोललाच नाहीत. माझं पोर पाय टांगून पडलंय आणि त्याला वाटतंय, मामानं घात केला. चार दिवस मीही भावाच्या हातचं पाणी घेतलं नाही. तुमच्या चार ओळींमुळे. माझ्या भावाला अकराची वेळ दिली होती ना? आता अकरा वाजून वीस झालेत."

तिनं भावापुढचं पेन उचलून सचिवांसमोर टेबलावर आपटलं.

"यथावकाश नको. सही कधी करताय? बोला."