आईपुढचा युक्तिवाद

आखातातल्या सलमानियाच्या इस्पितळात लिफ्टचं दार उघडलं, आणि श्रावस्तीसमोर गुरुप्रसाद उभा! हातात थर्मास, दाढी वाढलेली.

"तू... इथे?" त्याने विचारलं.

"माझी ताई इथल्या लॅबमध्ये कामाला आहे. पंधरा दिवस तिच्याकडे आलेय. आणि वकीलसाहेब, तुम्ही?"

"आई माझ्या भावाकडे, गौरवकडे आली होती, इथल्या हमद टाउनला. पाय घसरला. खुब्याचं ऑपरेशन झालंय."

लिफ्ट दोघांना न घेताच वर गेली.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, दोघांनी मिळून एक खटला लढवला होता. मराठवाड्यातल्या एका गावात बौद्धवाड्यातली मुलं शाळेच्या ओट्यावर बसायची. गुरुजी आत शिकवायचे, ही मुलं खिडकीतून फळा बघायची. श्रावस्ती दारोदार फिरली, आयांची प्रतिज्ञापत्रं घेऊन आली. गुरुप्रसादने कोर्टात कायदा मांडला. निकाल लागला: सगळी मुलं एका वर्गात, एका सतरंजीवर. पुढे कितीतरी गावांत तो निकाल दाखवून मुलं आत बसली.

त्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो म्हणाला होता, "आईशी बोलतो. रविवारी तुझ्या घरी येतो."

तो आला नाही. पत्रं यायची... त्यांत नुसती कायद्याची कलमं.

आता दोघं बाहेर बाकावर बसले. दमट वारा सुटला होता. तिची ओढणी उडून त्याच्या मनगटाला लागली. त्याने ती सोडवली नाही, तिनेही ओढली नाही.

"रागावलीस?"

"शंभर रविवार रागावले. मग खलास."

"तू हसलीस की मला अजून वाटतं—"

"वाटणं हा पुरावा नाही, वकीलसाहेब." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "आज पाच वाजता इथल्याच तुबलीहून सुजीत नावाचा इंजिनियर मला बघायला येतोय. ताई म्हणते, चांगला आहे. मी हो म्हणणार आहे."

त्याने थर्मास बाकावर ठेवला.

"न्यायाधीशांपुढे तासन् तास बोललो गं. आईपुढे तोंडच उघडत नाही."

"त्या मुलांना तुम्ही आत बसवलंत," ती हळूच म्हणाली, "आणि मला अजून ओट्यावर ठेवलंय."

तो थर्मास उचलून उठला.

"चल."

"कुठे?"

"वर. आईकडे."

आई उशीला टेकून बसली होती. चष्म्यातून तिने दोघांना नीट न्याहाळलं.

"आई, ही श्रावस्ती. आम्ही तो खटला..." तो पलंगाजवळ सरकला. "मला हिच्याशी लग्न करायचंय. ही बौद्ध आहे. दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. भ्यालो."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली.

"कसं?"

"पेपरात फोटो आला होता ना. सगळे वकील कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि तू एकटा हिच्याकडे!" ती श्रावस्तीकडे वळली. "खोटं कशाला बोलू पोरी? हा बोलत नाही, तेच बरं, असं म्हणत गप्प राहिले मी. सवय व्हायला वेळ लागेल मला."

"लागू द्या. पण आई, तोवर मी बाहेर थांबणार नाही."

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग पलंगाच्या कडेची शाल बाजूला केली.

"बस. याने दोन वर्षांत काय काय लपवलंय, ते ऐकायचंय मला."

श्रावस्ती बसली. डोळे भरून आले होते, तरी आवाज ठणठणीत होता.

"वकीलसाहेब, खाली लॅबमध्ये जा. ताईला म्हणावं, सुजीतला येऊ नको म्हणून कळव."

"मी सांगू? ताईला?"

"मग कोण? ...यल्ला, चला, आत्ताच तर तोंड उघडलंय तुमचं!"