निळ्या गाडीला लोकरीचे केस

"लोकर हवी होती. बोटभर लांबीचे तुकडे... पुष्कळ."

"बाळ केवढं आहे?" लोकरवालीने सवयीने विचारलं.

"बावीस वर्षांचं. गाडी आहे."

लोकरवालीने कात्री खाली ठेवली. आजवर तिच्या लोकरीने माणसांना, एका म्हाताऱ्या कुत्र्याला आणि एका चहाच्या किटलीला ऊब दिली होती. गाडीला थंडी वाजल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

समोरचा गृहस्थ दातांचा डॉक्टर होता. त्याच्या धंद्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण उत्तर येत नाही. त्यामुळे संभाषणाचा सराव कमी. गाडीचा विषय निघाला की मात्र तो खुलायचा. गाडी आत्याची. तो तिच्यावरच चालवायला शिकलेला. आता आत्याने निर्वाणीचं सांगितलं होतं – लिटरमागे चौदा किलोमीटर दिले तर ठीक, नाहीतर रविवारी भंगारवाला.

"इतर गाड्या वारा कापतात. आमची वाऱ्याशी भांडते," तो म्हणाला. "कुठे भांडते, ते धागे दाखवतात. अंगभर चिकटवायचे. वारा सरळ गेला की धागा निजतो, अडखळला की नाचतो."

"आणि बघतं कोण? तुम्ही तर स्टिअरिंगवर."

"खिडकीतून डोकं काढून बघत होतो... मग कचराकुंडी आली."

"आली?"

"म्हणजे – ती होतीच."

लोकरवाली हसली नाही. पण हसू दाबताना तिच्या उजव्या गालाला खळी पडते, हे डॉक्टरने दातांचं काही कारण नसताना पाहून ठेवलं.

"माझी स्कूटर आहे," ती म्हणाली. "नाच कुठे चाललाय ते मी बघते. ते कळल्याशिवाय मलाही आता झोप नाही लागायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक केसाळ निळी गाडी निघाली. शेजारून स्कूटर.

"टपावर बघा!" ती ओरडली. "कॅरिअरच्या मागे नुसती दंगल!"

कॅरिअर उतरलं. त्यावर आजवर एक वळकटीही चढली नव्हती. तरी आत्याने अबोला धरला. मग डॉक्टरने पुढच्या जाळीच्या निम्म्या फटी बुजवल्या – हात धंद्याचाच – आणि चाकांत नीट हवा भरली. धागे गुणी मुलांसारखे निजले.

शनिवारी तो दुकानात आला, तेव्हा चेहरा दाढ उपटल्यासारखा होता.

"आधी बारा देत होती. या आठवड्यात अकरा."

"धागे तर निजलेत. मग पेट्रोल जातं कुठे?" लोकरवाली विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? रोज संध्याकाळी समोरच्या औषधांच्या दुकानापाशी एक निळी गाडी फुरफुरत उभी असते. चांगली अर्धा-पाऊण तास. टपावर कॅरिअर नाही. तुमच्या ओळखीची?"

डॉक्टरचे कान लाल झाले. "माझीच."

"औषध हवं होतं?"

"छे."

"मग इंजिन बंद का नाही करत?"

"बंद केलं की... उतरावं लागतं. उतरलं की इथे यावं लागतं. आणि आलं की – सांगावं लागतं."

"काय?"

रोज दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या माणसाचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

"बोला," ती म्हणाली. "जराही दुखणार नाही."

"तुम्ही... मला आवडता. लोकरीच्या आधी – म्हणजे, पहिल्या धाग्यापासून."

तिने रस्त्याकडे पाहिलं. बाहेर काहीतरी फुरफुरत होतं.

"आत्ताही चालूच आहे?"

"...हो."

ती बाहेर गेली, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि किल्ली आणून आपल्या गल्ल्यात टाकली. रस्ता एकदम शांत झाला.

"आता इथे बस," ती म्हणाली. "उद्या पुन्हा मोजू. या वेळी मी शेजारच्या सीटवर."

रविवारी गाडीने चौदाच्या वर दिले, एक माणूस जास्त असूनही. भंगारवाला फाटकात उभाच होता. आत्या गाडीजवळ आली, वाकून पुढच्या सीटवर पाहिलं, खळीही पाहिली. मग भंगारवाल्याकडे वळून तिने आठवडाभराचा अबोला मोडला.

"ते कॅरिअर तेवढं घेऊन जा, बाबा."