दहाव्या अपडेटचे चार सेकंद

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई सकाळी दहाला आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "संध्याकाळी पाचला मला एका बाईला कामावरून काढायचंय. दोष तिचाच आहे, एवढं पक्कं करून द्या."

"आणि नसला तर?" वहिनींनी विचारले.

वहिनी खासगी तपासाची कामे करत. मदतीला होते त्यांचे धाकटे दीर. आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयातून, संगणक विभागातून, ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. धारदार डोके वहिनींचे आणि पिशवी भावजींची, अशी वाटणी होती. निघताना भावजींनी कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "सगळं ठीक, चला."

प्रकरण डॉक्टरीणबाईंनी गाडीतच सांगितले. रक्तपेढीतले सातही संगणक मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले. सुरक्षेचे अपडेट मुख्य कार्यालयातून पेनड्राइव्हवर येत. संगणक सांभाळणारी बाई एक फाईल चालवी, आणि ती फाईल सगळे अपडेट एकापाठोपाठ एक टाके. गेल्या आठवड्यात भांडारपालाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि सहा संगणक कुलूपबंद झाले. रक्ताची कोणती पिशवी तपासलेली, कोणती नाही, हे दोन दिवस कुणाला सांगता येईना. अकरा शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तीन महिन्यांपूर्वीच्या दहाव्या अपडेटने हा व्हायरस अडला असता. सातवा संगणक त्या दिवशी बंद होता म्हणून वाचला. त्यात पाहिले तर अपडेट नऊच. नोंदीत मात्र दहाही झाल्याचे लिहिलेले.

"म्हणजे नोंद खोटी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि नोंद तिच्याच हातची."

सातव्या संगणकासमोर वहिनींनी भावजींना नोंद मोठ्याने वाचायला लावली.

"एक, सहा मिनिटं. दहा, चार सेकंद. दोन, सात मिनिटं. तीन, पाच मिनिटं..." असे करत भावजी नऊपर्यंत आले. शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नाही. ती अशी होती: सगळं ठीक, चला.

ती त्यांचीच होती. चार वर्षांपूर्वी अपडेट टाकणारी ही फाईल त्यांनी लिहिली होती आणि गंमत म्हणून तिच्या नोंदीच्या शेवटी आपले पालुपद टाकले होते. त्यांची छाती दोन बोटे फुगली. पण आपली टिमकी आपणच कशाला वाजवायची, चहाच्या वेळी सांगू, असे म्हणून ते गप्प बसले. वहिनी पेनड्राइव्हबरोबर आलेली सूचनेची चिठ्ठी वाचत होत्या. "दहावे अपडेट नवव्यानंतरच बसेल," एवढेच त्यांनी मोठ्याने वाचले.

भांडारपाल आला तो कान पकडूनच. नातीचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह लावला, हे त्याने कबूल केले. मग हळूच म्हणाला, दहा अपडेट टाकायच्या दिवशी बाई एक बटण दाबून चहाला गेल्या, हे त्याने पाहिले होते.

बाई आली. मांडीवर पर्स घट्ट धरून बसली. चहाला गेले होते, म्हणाली, फाईल आपली आपण चालते, समोर बसून करायचं काय? घरात कमावणारी ती एकटीच होती, हे तिने न विचारता सांगितले.

"वेगळं काही झालं होतं त्या खेपेला?" वहिनींनी विचारले.

"दहा अपडेट होते. आजवर नवाच्या वर कधी आले नव्हते. म्हणून मी मुख्य कार्यालयात फोन केला, दहा चालतील ना म्हणून. एक साहेब म्हणाले, माझीच फाईल आहे, डोळे झाकून चालवा."

भावजींना ती दुपार आठवली. समोर डबा उघडा होता, फोन खांद्याने कानाशी धरलेला, आणि जेवण गार होत होते. पण फाईल तर बरोबर आहे, मग आत्ता बोलायचे कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. ती पटली नाही, पण तोंडही उघडले नाही. चहा आला, तसाच गार झाला.

साडेचारला वहिनींनी सगळ्यांना सातव्या संगणकाभोवती बोलावले.

"बाकी अपडेटना पाच-सात मिनिटं, दहाव्याला चार सेकंद. चार सेकंदांत काही बसत नाही. तेवढ्यात फक्त नकार येतो. नकार का? तर त्याला आधी नववं हवं होतं आणि त्याची पाळी लागली एकानंतर लगेच. ही फाईल नावं कोशातल्या शब्दांसारखी लावते, आधी पहिला आकडा बघते. म्हणून एकाच्या पाठीला दहा, मग दोन. नऊपर्यंत हे कधी उघडं पडलं नाही."

"पण नोंदीत झालं असं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कारण फाईल विचारतच नाही, बसलं का म्हणून. नकार आला तरी पुढे जाते आणि शेवटी सगळं ठीक लिहून मोकळी होते. बाई, दहावं आता एकटं टाका."

बाईने टाकले. सहा मिनिटे गेली. दहावे अपडेट बसले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मग ही फाईल लिहिली कुणी?"

वहिनींनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ते मी सांगणार नाही."

पाचाला वीस मिनिटे होती. भावजी उभे राहिले. "मी लिहिली. फोनवरही मीच होतो. सकाळपासून मला ठाऊक होतं आणि मी या बाईंना तसंच बसवून ठेवलं. तक्रारीचं पत्र द्यायचंच तर माझ्या नावाने खात्याला द्या."

बाईने पर्स खाली ठेवली. "सकाळी तुम्ही नोंद वाचत होतात तेव्हा मी दाराबाहेरच होते. आवाज तेव्हाच ओळखला, साहेब. पण माझं कोण ऐकणार होतं?"

भावजींनी खुर्ची ओढली, फाईल उघडली आणि सगळ्यात आधी ती शेवटची ओळ पुसली. मग म्हणाले, "तुम्ही शेजारी बसा. प्रत्येक पायरीला थांबून विचारायचं, बसलं की नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पुढे जायचं."

काम संपायला आठ वाजले. घराशी आल्यावर त्यांनी विचारले, "वहिनी, तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही शेवटची ओळ गाळलीत तेव्हा. वीस वर्षं ऐकतेय ती, या दारापाशी."

वहिनींना आत सोडून आपल्या घरी जाताना भावजींनी बाहेरून फाटक लावले. कडी दोनदा ओढून पाहिली. काही न बोलता तिसऱ्यांदाही ओढली.