खांबाजवळच्या टेबलावरची टाळी

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडलेली आहे. कोणाकडून ऐकलेली नाही की कुठे वाचलेली नाही. ज्यांना थट्टा करायची आहे त्यांनी खुशाल करावी. माझा नवराही सुरुवातीला करायचा.

आता करत नाही.

रात्र, अंधार, वारा असलं काही यात नाही. रविवारची दुपार होती. रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि मी एका छोट्या पबच्या रिकाम्या हॉलमध्ये माइकची उंची ठीक करत होते.

पण तिथवर कशी पोचले ते आधी सांगायला हवं.

मी गाते. गिटार घेऊन, एकटी. मोठ्या कार्यक्रमांत नाही, असल्याच छोट्या पबांत. स्टेज म्हणजे स्वयंपाकघराच्या दारालगतची मोकळी जागा. डोक्यावर टीव्ही, त्यावर सामना. आपण जीव ओतून गायचं आणि टाळ्या पडायच्या त्या गोल झाला म्हणून. एकदा तर एका गृहस्थाने ऐन गाण्यात मला बिल आणायला सांगितलं होतं.

पहिली काही वर्षं याचं हसू यायचं. मग राग यायला लागला. मग रागही येईनासा झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी नवरा अ‍ॅम्प्लिफायर गाडीत नेऊन ठेवायचा आणि मी सोफ्यावर बसून राहायचे. पबवाल्यांचा फोन यावा, आज नको म्हणावं, एवढीच इच्छा. गिटार पिशवीतून काढायचीसुद्धा जिवावर यायची.

शेवटी मी दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा मोठा मावसभाऊ. मला गिटार त्यानेच शिकवली. तारांनी बोटं सोलून निघायची तेव्हा फुंकर घालणाराही तोच. जगात मी डोळे मिटून ज्याच्यावर विश्वास ठेवला असता, असा एकच माणूस.

"दादा, मी सोडतेय," मी म्हटलं आणि त्याच्यासमोर ढसाढसा रडले. "कोणी ऐकतच नाही रे. कोणासाठी गायचं?"

हल्ली त्याचंही गाणं जवळजवळ बंदच होतं. गळ्याचा त्रास आहे म्हणायचा. रविवार दुपारचा एक पब तेवढा त्याने ठेवला होता.

"एक काम कर," तो म्हणाला. "माझा रविवार तू घे. मला झेपत नाही आता."

आमच्या धंद्यात हे चालतं. आपण जागा सोडली की आपली बदली आपणच द्यायची. पबवाल्याला स्टूलवर कोणीतरी बसल्याशी मतलब.

"तिथे तरी कोण ऐकणार आहे?"

"ऐकतं," दादा म्हणाला. "तिथे ऐकणारं आहे."

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, जागा सोडायचं वाईट वाटतंय बिचाऱ्याला.

तर तो पहिला रविवार.

पबच्या मालकाने मला एकच प्रश्न दोनदा विचारला.

"तुम्हाला दादांनीच पाठवलं ना? स्वतः?"

हो म्हटल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आत निघून गेला. मला जरा गंमतच वाटली.

हॉलमध्ये मी आणि बारमागचा दाढीवाला, दोघंच. त्याच्या एका हातात ग्लास, दुसऱ्यात फडकं. आवाज तपासायचा म्हणून मी एक गाणं घेतलं. कंटाळतच. पण शेवटच्या ओळीला काय झालं कोण जाणे, इरेलाच पेटले. म्हटलं, घेऊ या आज नीट. तो वरचा सूर मी हलू न देता धरला, पार श्वास संपेपर्यंत.

गाणं थांबलं.

आणि मग...

टाळी वाजली.

एकाच माणसाची. सावकाश, मनापासून दाद दिल्यासारखी.

मी दाढीवाल्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते. तो मान खाली घालून ग्लास पुसत होता. जरा जास्तच जोरात.

आवाज आला होता खांबाजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावरून.

तिथे कोणी नव्हतं. एक खुर्ची तेवढी बाहेर ओढलेली होती. बसून स्टेजकडे बघता येईल, अशी.

"काय हो," मी माइकमधूनच विचारलं, "आता टाळी कोणी वाजवली?"

"मला नाही ऐकू आली," तो म्हणाला. वर न बघता.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण त्याहूनही जास्त... बरं वाटलं. कोणीतरी ऐकलं होतं. नेमका तोच सूर ऐकला होता.

मी पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही.

टाळी प्रत्येक गाण्याला पडायची नाही. उरकून टाकलेल्या गाण्याला तर कधीच नाही. पण एखाद्या गाण्यात खरंच काही लागलं, की संपल्यावर भर गर्दीत, सामन्याच्या कल्लोळातही मला ती स्वच्छ ऐकू यायची. तेवढ्यासाठी मी रोज पहाटे रियाजाला बसू लागले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. नवरा म्हणायचा, "काय बाईसाहेब, रविवारी कोणाला भेटायला जाता एवढं नटून?" टाळीचं मी त्याला सांगितलं होतं, त्यावर म्हणायचा, की भूत का असेना, निदान रसिक आहे.

मी त्या टेबलासाठी गात होते. दुसऱ्या कोणाकडे आता माझं लक्षही नसायचं.

मग एका रविवारी मी फोनवर रेकॉर्डिंग केलं. टाळी त्यात येते का, एवढंच बघायचं होतं.

घरी येऊन ऐकलं.

गिटार होती. ग्लासांची किणकिण होती. कोणीतरी खुर्ची सरकवली, तेही होतं.

टाळीही होती.

फक्त... माझा आवाज नव्हता.

ज्या गाण्यांना टाळी पडली होती, तेवढ्याच गाण्यांत नव्हता. गिटार एकटीच वाजत होती. बाकीच्या गाण्यांत मी होते.

माइकमध्ये काही बिघाड असेल, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःची समजूत घालतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "ते गा ना. आपलं."

"कोणतं?"

"असं काय करतेस? आपलं गं."

मला आठवेना. त्याला वाटलं मी भाव खातेय. त्याने आपल्या बेसूर आवाजात पहिल्या दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. मी लक्ष देऊन ऐकल्या.

"छान आहे," मी म्हटलं. "कोणाचं आहे?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"तुझंच आहे," तो म्हणाला. "तूच केलंस. आपलं लग्न ठरलं तेव्हा."

रेकॉर्डिंगमध्ये गिटार एकटीच वाजत होती, ती हीच चाल. म्हणजे मी ते गाणं खांबाजवळच्या टेबलासाठी गायले होते. आणि त्याला टाळी पडली होती.

त्या रात्री मी एकेक गाणं आठवून बघितलं. म्हणजे बघायचा प्रयत्न केला. जिथे जिथे टाळी पडली होती, तिथे काहीच नव्हतं. चाल नाही, शब्द नाहीत. बोटं तारांवर नुसती ठेवलेली. उरली होती ती मी उरकून टाकलेली गाणी. माझं जे जे चांगलं होतं, ते सगळं गेलं होतं.

सकाळी मी दादाचं घर गाठलं.

जिन्यातच पाय थांबले. आतून गाणं येत होतं. दादाचं. मोकळ्या, भरलेल्या गळ्याने, अगदी पूर्वीसारखं. एक संपलं की दुसरं.

दार उघडल्यावर माझा चेहरा बघून तो काय ते समजला. त्याने नाकारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"तुझीही गाणी गेली होती?"

"एकूण एक. मलाही माझ्याआधीच्याने असंच पाठवलं होतं." तो खाली बसला. "आपली बदली दिली, की परत येतात. माझी आली."

"आणि बदली म्हणून मी? दादा, मी?"

त्यावर तो जे बोलला ते आजही कानात आहे. रागाने नाही बोलला. अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलला.

"तू नाहीतरी सोडणारच होतीस ना गं? म्हटलं, जो सोडणारच आहे त्याला द्यावं. तुझं काय जाणार होतं?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, मला त्या दिवशी कळलं. त्या टेबलावर जे कोणी बसत होतं त्याचा मला राग नव्हता. त्याने निदान मन लावून ऐकलं तरी. पण मी ज्याच्यासमोर रडले होते, त्याने ते रडणं ऐकून हिशोब केला होता.

मी उठले. तो मागून म्हणाला, "तूही दे कोणालातरी. सगळ्यांनी तेच केलंय."

"मी नाही देणार," मी म्हटलं. "माझ्यापाशीच संपू दे."

पबच्या मालकालाही मी फोनवर तेच सांगितलं. मी येत नाही, आणि बदलीही देत नाही. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, मला विचारू नका. गिटार कपाटावर टाकून दिली. दादाच्या कार्यक्रमांच्या बातम्या यायच्या, सगळे कौतुक करायचे, मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. घरच्यांना वाटायचं, माझा जळफळाट होतोय. कोणाला काय सांगणार?

आणि मग एका सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. हातात ओली चादर होती. माझ्या तोंडून एक ओळ निघाली. मग दुसरी. मग पूर्ण गाणं.

आमचं गाणं.

नवरा दाढीचा फेस पुसायचाही विसरून धावत वर आला. मी गात होते आणि रडत होते. त्या गाण्यामागून दुसरं आठवलं, तिसरं आठवलं. सगळी येत होती. मी त्याला मिठी मारली.

आणि मिठीतच... मी थिजले.

गाणी परत येतात ती बदली दिल्यावर.

मी बदली दिलेली नव्हती.

त्या रविवारी मी पब गाठला. हॉल रिकामा होता. दाढीवाला ग्लास पुसत होता. त्याने मला बघितलं आणि पाठ फिरवली.

स्टूलवर एक मुलगी बसली होती. कुरळ्या केसांची, विशी-बाविशीची. मी तिला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

"तुला इथे कोणी पाठवलं?" मी विचारलं.

माझा आवाज ऐकताच ती चमकली. मग तिचा चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही? आवाजावरून लगेच ओळखलं!"

"माझा आवाज तू कुठे ऐकलास?"

"असं काय विचारता? तुम्हीच नाही का फोन केलात? मी गाणं सोडणार म्हणून रडत होते, केवढी समजूत काढलीत माझी. इथली जागाही दिलीत." ती हसली. "शेवटी फोनवर एक गाणंसुद्धा म्हटलंत माझ्यासाठी. किती गोड."

रेकॉर्डिंगमधून नाहीसा झालेला माझा आवाज कुठे गेला होता, ते मला तेव्हा कळलं. मी तिचा हात धरला. "ऊठ. आत्ता ऊठ इथून. तो फोन माझा नव्हता."

तिने हात सोडवून घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे दिलेलं परत घ्यायला आलात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही तरी वेगळ्या असाल. ताई, आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकतंय. मी नाही उठणार."

मी हात जोडले. सगळं सांगितलं, दादाचं, रेकॉर्डिंगचं, सगळं. तिने माझ्याकडे पाठ केली, गिटार मांडीवर घेतली आणि गायला लागली. सुंदर गायली.

गाणं संपलं.

खांबाजवळची खुर्ची बाहेर ओढलेली होती...

टाळी या वेळी मला ऐकू आली नाही. पण ती मुलगी त्या टेबलाकडे बघून जी लाजून हसली, त्यावरून मला कळलं.

मालकाने मला दाराबाहेर काढलं. नंतर दोनदा गेले तर आतही घेतलं नाही.

परवा ती मुलगी माझ्या घरी आली होती. पत्ता कुठून काढला कोण जाणे. ओळखू येत नव्हती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"माझं एकही गाणं उरलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मग मलाच का पाठवलंत? मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्याच नजरेने मी दादाकडे बघितलं होतं.

"मी नाही पाठवलं गं," मी म्हटलं. "शप्पथ. मी तो फोन केलाच नाही."

खरं तेच होतं. पण मी ते फोनवरच्या त्याच आवाजात बोलत होते. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि जिना उतरून निघून गेली.