आलो म्हणजे भूतकाळ

यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं मी मराठीत लिहितो. 'प्रथम वस्तू खोक्यातून बाहेर काढावी' हे वाक्य माझं. लोक ते न वाचताच खोकं फाडतात, तरी मी लिहितो. कामाची खोली वर, बाकी घर खाली. नेटचा मोडेमही खालीच, जिन्याखाली, जेवणाच्या टेबलाला लागून. काळा, दोन दांड्यांचा, मागे एक गोल बटण.

त्या बटणावर आमचा संसार चालायचा. बायकोचे गुडघे गेले होते. जिना चढायचा तर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मध्ये थांबायचं आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ओरडून हाक मारणं तिला मंजूर नव्हतं. "घर आहे की भाजीबाजार?" म्हणून जेवण वाढलं की ती मोडेमचं बटण दाबायची. वर माझं नेट जायचं. मी "आलो, आलो!" म्हणायचो आणि तिथेच बसून राहायचो.

शेवटी खाली उतरलो की ती म्हणायची, "आलो म्हणजे भूतकाळ. मघाशी तुमचं भूत येऊन जेवून गेलं. तुम्ही कशाला आलात?"

मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दारात चप्पल घालताना म्हणाली, "गुडघा नवा झाला की पहिली वर येते. बघतेच, काय दिवे लावताय तिथे बसून."

वर येते म्हणाली आणि वर गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालं. गुडघा झकास बसला होता. बाकीचं शरीरच साथ देईना.

भेटायला येणारे पांगले, मुलगी तिच्या गावी परतली, आणि दुसऱ्याच दुपारी नेट गेलं.

"आलो!" मी ओरडलो. मग आठवलं. 

खाली जाऊन पाहिलं तर मोडेमचं बटण बाहेर आलं होतं. दाबलं, दिवे लागले. खाली आलोच होतो, म्हणून दोन घास गरम करून खाल्ले. संध्याकाळी जेवायच्या वेळेला पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही.

मी माहितीपत्रकवाला माणूस. 'यंत्र बंद पडल्यास' या मथळ्याखाली आत्म्याबित्म्याला जागा नसते. बटण झिजलं असेल, मोडेम तापत असेल. कंपनीला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई इतक्यांदा म्हणाली की मला तिचीच काळजी वाटायला लागली. अखेर नेटवाला आला.

"काका, बटण ठणठणीत आहे. कोणाचातरी धक्का लागतो."

"घरात मी एकटाच असतो."

"मग तुमचाच लागतो," तो म्हणाला. असा तर्क मला आयुष्यात कधी जमला नाही. त्याने बटणावर चिकटपट्टी मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेट गेलं. बटण बाहेर, पट्टी निघालेली. पट्टी टेबलाच्या कडेला लावून ठेवलेली होती, टोकाशी जराशी दुमडून. पुढच्या वेळी नखाने टोक शोधत बसायला लागू नये म्हणून असं दुमडतात. मी कधीच दुमडत नाही. त्यावरून आमच्याकडे आयुष्यभर भांडणं झाली.

मीच काढली असेन, म्हटलं. दुःखात माणूस काहीही करतो. आणि ताट वाढून घेतलं. खरं सांगायचं तर मी वेळेवर जेवायला लागलो होतो. नेट जायच्या जरा आधीपासूनच कान टवकारून बसायचो.

घोटाळा मुलीमुळे झाला. एका संध्याकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोलताना नेट गेलं, आणि मी नेहमीसारखा खाली जाऊन जेवायला बसलो. पहिला घास तोंडात घालतोय तोच शेजारच्या काकू आमची जादा किल्ली लावून धाडकन आत. हातात झाडू.

"जिवंत आहात होय!" त्या म्हणाल्या. जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

मागोमाग मुलीचा फोन. ती रडत होती. "बाबा, आई गेली तेव्हा पण तुमचा फोन मध्येच कट झाला होता. आता नेट गेलं की मला तेच आठवतं. पुन्हा एकदा कॉल तुटला ना, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. मी सांगून ठेवतेय."

ती आईवर गेलीय. पोकळ धमक्या देत नाही.

घर सोडलं तर मला जेवायला कोण बोलावणार? आणि नेट दुरुस्त केलं, तरी कोण बोलावणार? दोन्हीकडून उपाशी मीच.

शेवटी घर निवडलं. कंपनीने नवा मोडेम दिला. पांढरा, गुळगुळीत, ना दांडी ना बटण. नेटवाल्याने तो भिंतीवर उंच ठोकला. "आता कोणाचा हात पोचणार नाही, काका," असं तो खुशीत म्हणाला. मी त्याला चहा द्यायचं विसरलो.

पण नव्याचं नेट वरपर्यंत पोचेना. मग मुलीने फोनवरून जुन्याची सोय लावली.

"जुना वर तुमच्या खोलीत ठेवा. नव्यातून एक वायर ओढून त्यात घाला. वेगळ्या रंगाच्या भोकात नाही हं, बाबा!"

मी वेगळ्या रंगाच्याच भोकात घातली होती. काढली.

"आता घरातल्या फोन-कॉम्प्युटरना नेटवरचे पत्ते नेमून द्यायचं जुन्याचं काम बंद करायचं. ते एकानेच करायचं, नाहीतर दोघं भांडतात."

"एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी."

"तेच. जुन्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खालून येईल ते वर पोचवायचं, बस्स."

मोडेम माझ्या पाठीमागच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला. हिरवे दिवे लागले. दुपार झाली, नेट गेलं नाही. संध्याकाळ झाली, गेलं नाही. मी बसून राहिलो. कोणी बोलावलंच नाही तर खाली जायचं कशाला?

असे बरेच दिवस गेले. पँटला पट्टा लागायला लागला.

"नेट मस्त चाललंय, नाही?" परवा दुपारी मुलगी पडद्यावर म्हणाली. मग जवळ येऊन बघायला लागली. "बाबा, तुम्ही जेवलात का?"

"आत्ताच."

"खोटं बोलू नका. गालफडं बसलीत तुमची. नेट सुधारलं आणि तुम्ही…"

जिना वाजला.

लाकडाचा आहे, उन्हाने वाजतो. हे मी मनात म्हणेपर्यंत दुसरी पायरी वाजली.

काकू असतील, म्हटलं. पण काकू हाका मारत येतात.

पावलं हलकी होती. एका पायरीवर एक पाय, पुढच्या पायरीवर दुसरा. मध्ये कुठेही थांबणं नाही. आमच्या जिन्यावर असं चढणारं कोणी नव्हतं.

दार ढकललं गेलं. माझी पाठ दाराकडे होती. मी वळलो नाही. वळलो आणि तिथे कोणी नसलं तर?

पडद्यावर मुलगी बोलायची थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

पाठीमागे बटण वाजलं.

चित्र तिथेच गोठलं. 'बाबा' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. तिचे ओठ मिटलेले नव्हते. तोंड उघडं होतं, 'आ' म्हणताना असतं तसं.

"आलो," मी म्हटलं.

आणि या खेपेला खरंच उठलो. खोलीत कोणी नव्हतं. जिन्यावर माझ्या पुढे पावलं उतरत होती, एका पायरीवर एकच पाय.