तारांखालची चिंधी

खोटं लिहीत असेन तर माझी जीभ झडो. तशी ती कधीच झडायला हवी होती.

माझी शाळा चौथीत सुटली, पण डोळे शाबूत आहेत. पाहिलं तेच सांगते.

गेल्या महिन्यातला मंगळवार. दुपारचे तीन. घर दोन खोल्यांचं. बाहेर माझं शिलाई मशीन, आत भिंतीवर ह्यांची गिटार.

जुनी, जपानी, विजेवर वाजणारी. ह्यांनी स्वस्तात आणलेली. पहिल्याच दिवशी चार पाहुण्यांत मी म्हणाले, "मांजराच्या शेपटीवर पाय दिलात की काय?"

सगळे हसले. हेही हसले.

त्यानंतर सव्वीस वर्षं मला ती ऐकू आली नाही. वाटलं, खूळ गेलं.

हे जाऊन दोन वर्षं झाली. नातीनं ती गिटार दुरुस्तीला दिली. तारांचा आवाज पकडणारे नवे पिकअप, नव्या खुंट्या. दुरुस्तीवाल्यानं सोबत एक चिंधी परत दिली.

"तारांखाली दाबून बसवली होती. आवाज दबावा म्हणून करतात असं."

जांभळं कापड, चार पदरी घडी. माझ्याच शिवणातल्या उरलेल्या तुकड्यांतलं.

म्हणजे हे वाजवत होते. मशीनच्या आवाजाआड. माझ्यापासून चोरून.

चिंधी मी कचऱ्यात टाकली. नातीला चकार शब्द बोलले नाही. काय तोंडानं बोलणार?

तर त्या मंगळवारी नात कॉलेजात. मी एकटीच ब्लाउज शिवत होते.

आतून आवाज आला... टुं... टुं...

मी पाय थांबवला.

आवाजही थांबला...

मशीन सुरू केलं. पुन्हा टुं... टुं... दबका. पण सूर एकही चुकत नव्हता.

उठून आत गेले. कुणी नाही. फक्त तारा थरथरत होत्या...

आणि तारांखाली चिंधी. हिरवी, चार पदरी.

हिरवा ब्लाउज मी त्याच सकाळी बेतला होता.

संध्याकाळी नातीला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला कोंबू, आजी? आवाजासाठी तर एवढा खर्च केला."

तेव्हापासून रोज चिंधी काढते. रोज नवी सापडते. ज्या रंगाचं शिवण, त्या रंगाची.

परवा मशीन बंद ठेवून दिवसभर कान देऊन बसले. घर गप्प.

काल भिंतीसमोर उभी राहून म्हणाले, "अहो, ऐकताय ना? वाजवा मोकळेपणी. मी काही बोलणार नाही."

आज पांढरं कापड शिवत होते. आतून काहीच ऐकू येईना. जाऊन पाहिलं...

चिंधी आठ पदरी होती.

काल मी जरा दरडावूनच बोलले असेन.