रिकामं पॅकेज

"हे लिनक्स आहे, ताई. आपल्याकडे नाही होत. सगळं पुसून विंडोज टाकून देऊ का?" दुकानदाराने विचारलं.

"पुसू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

स्वप्नालीने वळून पाहिलं. श्रावणातली भुरभुर अंगावर घेऊन एक तरुण दुकानाच्या पायरीवर उभा होता. हातात केबलचं भेंडोळं, चष्म्यावर थेंब, आणि नजर... नजर तिच्यावर नव्हतीच, तिच्या कॉम्प्युटरवर होती. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा रागच आला.

"शेवटचं अपडेट कधी केलं होतं?"

"केलंच नाही. ज्याने बसवलं तो अकरा वर्षांपूर्वी अहमदाबादला गेला. बाबा म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा."

"अकरा वर्षं," तो हळूच म्हणाला आणि तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं. "फार जीव लावलात हो तुम्ही याला."

दुकानदार केबलचं बिल लिहीत होता. धर्मेंद्र वसावे, तिने उलट्या बाजूने वाचलं. वसावे म्हणजे सातपुड्याच्या डोंगरातले आदिवासी, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो नंदुरबारच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. रविवारी येतो म्हणाला, आणि आला.

स्वप्नालीच्या वडिलांची, मगनरावांची, हायवेला लागून हॅचरी. मूळचे हे शहाद्याकडचे जमीनदार, कोंबड्यांच्या धंद्यापायी नवापुरात आलेले. अंडी उबवायच्या मशीनवर तो जुना कॉम्प्युटर नजर ठेवायचा आणि गरमी कमी-जास्त झाली की सगळ्यांच्या फोनवर मेसेज टाकायचा. चार महिने झाले, मेसेज येईनात. एकदा रातोरात मशीन गार पडलं आणि सकाळी अख्खी खेप फेकावी लागली. तेव्हापासून मगनराव कुणाशी धड बोलत नव्हते.

धर्मेंद्रने आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली, मग अपडेट सुरू केलं. स्क्रीनवर लाल ओळी धावू लागल्या.

"घोडं कुठे अडलं?" स्वप्नालीने विचारलं.

"मेसेज पाठवायला नवीन पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठा, पाहिजे. त्याला आधाराला नवीन लायब्ररी पाहिजे. ती आली की जुनी जाते. आणि तुमचा अंड्यांचा प्रोग्रॅम म्हणतो, जुनी गेली तर मी पण जाणार."

"म्हणजे सासू-सुनेचं भांडण."

"त्यात मी नवरा," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला. टेबलाखाली वायर शोधायच्या निमित्ताने वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

तेवढ्यात भिकुबाई, तिची आई, पाणी घेऊन आली. "कोन गावना शे रे भाऊ?"

"मोलगीना," खालून आवाज आला. कॉलेजच्या होस्टेलवर शिकलेली त्याची अहिराणी इतकी चोख होती की भिकुबाई खूश झाली.

"नाव काय म्हने यान्हं? धर्मेंद्र? आमना धाकला देरनं बी तेच नाव शे. मोलगीले दुकान शे का यास्नं?"

मोलगी डोंगरातलं, पण तिथल्या बाजारात दुकानं थाटलेली पुष्कळ माणसं खालच्या सपाटीचीच. आईने तसं समजणं साहजिक होतं. त्याच वेळी बाहेर जनरेटर धडधडू लागला आणि टेबलाखालच्या धर्मेंद्रला काही ऐकू गेलं नाही. उत्तर द्यायला स्वप्नालीच होती. एक साधं 'नही' म्हणायचं होतं. पण 'नही' म्हटलं असतं तर जेवायचं ताट वेगळं आलं असतं, पुढचा रविवार कदाचित आलाच नसता...

"हाव, दुकान शे," ती म्हणाली.

झालं. त्या दिवशी भिकुबाईने त्याला स्वतःच्या हाताने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, वर तेलाची धार.

पुढच्या रविवारी तो दहाच्या गाडीने आला. ती साडेनऊपासूनच फाटकाजवळ उगाच झाडत होती. आठवडाभर दोघांचे मेसेज चालू होते, त्यातले लिनक्सचे किती होते ते विचारू नका. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"लिनक्सलाही आठवीतून एकदम बारावीत नाही बसता येत," तो सांगत होता. "एकेक वर्ग करत न्यायचं. आता दहावीला आलंय, आणि तुझी जुनी लायब्ररी पुन्हा आडवी आलीय."

"काहीतरी युक्ती असेल ना?"

"आहे. त्या नावाचं एक रिकामं पॅकेज बनवायचं. आत काही नाही, नुसतं नाव. सिस्टीम नाव बघते आणि गप्प बसते."

"मग कर ना. एका मिनिटात सुटेल."

"सुटेल. पण ज्या दिवशी प्रोग्रॅम खरंच आत हात घालेल, त्या दिवशी तिथे काहीच नसेल." त्याने मान हलवली. "मी ती जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये बांधतो, फक्त तुझ्या प्रोग्रॅमपुरती. वेळ लागेल. अजून एक रविवार."

"दोन लागले तरी चालतील," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

तो हसला नाही. वडिलांबद्दल त्याने तिला सगळं सांगितलं होतं. रेवजी, डोंगरउतारावरची थोडी शेती, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोड. बोलताना त्याचा आवाज कधी खाली गेला नव्हता.

"काम संपलं की मला इथे यायला कारण उरणार नाही, स्वप्नाली. मला कारण हवंय. तू... घरी सांगशील?"

तिने कीबोर्डवरच्या त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली, स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटली. "सांगते. पुढच्या रविवारच्या आत आईला सांगते. नक्की."

सोमवारी आईचं डोकं दुखत होतं. मंगळवारी पाहुणे. बुधवारी बाबा घरात. सबबींना काय तोटा? शनिवारी आई एकटीच तांदूळ निवडत बसली होती आणि स्वप्नाली तिच्या शेजारी अर्धा तास मूग गिळून बसून उठून आली.

तिसऱ्या रविवारी दुपारी बाराला स्क्रीनवर एकही लाल ओळ उरली नाही. धर्मेंद्रने मशीनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि घरातले सगळे फोन एकदम वाजले. चार महिन्यांत पहिल्यांदा मगनराव हसले.

जेवताना भिकुबाईने ताटात भाकरी टाकली आणि सहज विचारलं, "तुमना दुकानमा काय काय ऱ्हास रे?"

विचारलं त्याला, पण बघत होती ती मुलीकडे.

"कोनतं दुकान?" धर्मेंद्रचा घास हातातच राहिला. त्याने स्वप्नालीकडे पाहिलं. आई बघत होती, तो बघत होता, बाबांनीसुद्धा मान वर केली. आता, याच घडीला सांगायचं होतं.

"किराणा," स्वप्नाली म्हणाली.

धर्मेंद्रने घास खाली ठेवला. "हाव, मावशी," तो म्हणाला. "किराणा शे."

फाटकाजवळ तो थांबला आणि चष्मा पुसत राहिला.

"मी आज पहिल्यांदा माझ्या बापाला नाकारलं. तुमच्यासाठी."

त्याच्या तोंडून पुन्हा 'तुम्ही' आलं होतं. तिला ते चपराक बसल्यासारखं लागलं.

"मला थोडा वेळ दे, मी सांगणारच..."

"माझ्या नावाचं रिकामं पॅकेज बनवून तुम्ही घरात बसवलंत. तुमच्या घरच्यांना तो आवडतो, भाकरी वाढतात, सगळं ठीक. पण तो मी नाही." आवाज चढला नाही, त्यानेच ती जास्त घाबरली. "पुन्हा नाही मला असं बोलता येणार. एकदाच जमलं."

तो रिक्षा न करता पायीच स्टेशनकडे गेला. भुरभुर चालूच होती.

स्वप्नाली घरात आली ती सरळ स्वयंपाकघरात. आता काय वाचवायचं राहिलं होतं? "आई, त्याचं दुकान नाही. तो वसावे आहे. डोंगरातला. मी खोटं बोलले."

भिकुबाई ताटं घासत होती. हात थांबला नाही.

"माले ठाऊक शे. मांगला रईवारले तो वट्टावर बशीसन त्यान्हा बापनासंगे फोनवर बोलना. ती बोली मी वळखस. मन्हा माहेरना वावरमा तीच मानसे येतस."

"मग... तू काही बोलली का नाहीस?"

"तू सांगशी म्हनीसन वाट देखत व्हतू. पोऱ्या चांगला शे. तुन्हा बापसंगे भांडाले मी कंबर कसेल व्हती." तिने ताट पालथं घातलं. "आज मुद्दाम इचारं. तू किराणा म्हननी. तुन्हाच तोंडमा बळ नही, ते मी कोनासंगे भांडू?"

स्वप्नालीने धर्मेंद्रला फोन लावला. त्याने उचलला. मागे स्टेशनवरची घोषणा चालली होती.

"मशीन बंद पडलं का?"

"नाही. ऐक ना... मी आईला सांगितलं. सगळं. आणि तिला आधीच माहीत होतं, धर्मेंद्र. तिला चालणार होतं."

गाडी फलाटाला लागल्याचा आवाज आला.

"म्हणजे अडचण मावशींना नव्हतीच," तो म्हणाला. "मग मी डोंगरातला आहे याची लाज कोणाला वाटत होती?"

तिला उत्तर माहीत होतं. ते तिला बोलता आलं नाही, आणि त्याने फोन ठेवला.